ओट्यावरचा पांढरा टप

जीपच्या टपाचा रंग काळ्याचा पांढरा करायचा, एवढाच मूळ विषय होता. त्यातून माझ्या ग्रंथाचे चौथे प्रकरण निकालात निघेल, असे मार्च महिन्यात मला कोणी सांगितले असते, तर मी त्या गृहस्थाकडे आधार मागितला असता.

जीप कागदोपत्री माझी आणि व्यवहारात माझ्या पत्नीची आहे. वर्षा दिग्रस तालुक्यातल्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे आणि आठवड्यातले चार दिवस ती तांड्या-तांड्यांतून फिरते. गाडी जुनी, मुळात उघडी. वर आठ बोल्टांनी बसणारा फायबरचा टप. हिवाळ्यात तो उतरवून ठेवावा, उन्हापावसात पुन्हा चढवावा, अशी सोय. आधीच्या मालकाने तो काळा रंगवून घेतला होता. यवतमाळ जिल्ह्यात राहून ज्याला गाडीचे छप्पर काळे असावेसे वाटते, त्याच्या बुद्धीविषयी मी लेखी मत देण्याचे टाळतो. दहा वाजल्यानंतर आत बसवत नसे, आणि लसीच्या डब्यातल्या बर्फाचे दुसऱ्या तांड्यापर्यंत पाणी होत असे. वर्षाने असे तीन उन्हाळे काढले. चौथ्याच्या तोंडाशी तिने मला सांगितले की एकतर टप पांढरा होईल, नाहीतर लस टोचायला तुम्ही जाल.

बादल हा दिग्रसमधला गाड्या रंगवणारा कारागीर. त्याचे काम चोख असते आणि त्याविषयी तो स्वतःही मौन पाळत नाही. अडचण जागेची निघाली. त्याचे शेड एका जिनिंगच्या मागे आणि कापसाचा हंगाम लांबलेला. ओल्या रंगावर रुईचे तंतू येऊन बसतात. काळ्या रंगावर ते दिसतात म्हणून वेळीच काढता येतात. पांढऱ्यावर दिसत नाहीत, फक्त वाळल्यावर हाताला लागतात. त्याने मला एका पांढऱ्या मोटारीचे बॉनेट चाचपून पाहायला लावले. दोन दिवस दाढी न केलेल्या गालावरून हात फिरवल्यासारखे वाटले. बादलच्या मते पांढरा हात मारायचा तर गाव सोडून मोकळ्या हवेत जायला हवे. सावली आणि वीज मिळाली की झाले. कॉम्प्रेसर तो घेऊन येईल.

मला आमचा तांडा सुचला. पुढे जे झाले त्यात माझा सहभाग इथपासून मोजावा.

तांडा दिग्रसपासून अठरा किलोमीटरवर आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवीत असत. आता आम्ही एका जागी बसून कापूस आणि तूर पिकवतो. माझा चुलतभाऊ प्रेम तिथे शेती करतो. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, घेऊन ये, जागा मी दाखवतो. त्याने दाखवलेली जागा नाईकांच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांच्या, घरासमोरच्या ओट्यापुढची होती. तांड्याची पंचबैठक, जिला आम्ही नसाब म्हणतो, ती याच ओट्यावर भरते. शेजारी पांढरा झेंडा, पुढे सारवलेले अंगण, दुपारपर्यंत कडुनिंबाची सावली, आणि विजेची जोडणी हाताच्या अंतरावर. तांत्रिक दृष्टीने प्रेमची निवड निर्दोष होती. आम्ही टप उतरवून चार विटांवर ठेवला. किसनसिंग नाईक दारात उभे राहून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. एस.टी.त तीस वर्षे कंडक्टरकी केलेला मनुष्य बोलायचे थांबतो, तेव्हा इतरांनी सावध व्हावे, एवढे लोकज्ञान त्या विषयाच्या प्राध्यापकाला असायला हवे होते.

बादलने दोन दिवस काम केले. आधी पाण्यात बुडवलेल्या कागदाने काळा रंग घासून काढला, चिरांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ती पुन्हा घासली, अस्तर मारले, आणि मग पांढऱ्याचे तीन हात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाहून आलो. सोललेल्या अंड्यासारखा तुकतुकीत दिसत होता. एक दिवस वाळू द्या, परवा घेऊन जा, असे बादलने सांगितले.

ठरलेल्या दिवशी मी गेलो, तेव्हा विटा रिकाम्या होत्या. ओट्याच्या चार कोपऱ्यांत चार लोखंडी खांब उभे होते आणि टप त्यांच्यावर बसवलेला होता, आपल्याच आठ बोल्टांनी. खाली सतरंजी अंथरून चार वृद्ध निवांत बसले होते. त्यांतल्या भावसिंग काकांनी मला हात जोडून नमस्कार केला. हे त्यांनी याआधी कधी केले नव्हते. टपाच्या पुढच्या कडेवर लाल अक्षरांत लिहिले होते: ‘प्रा. डॉ. इंद्रजीत आडे यांजकडून तांड्यास सप्रेम भेट’. अक्षर सुबक होते. मी बादलला जागेवरूनच फोन केला. तो म्हणाला की नाईकांनी सांगितल्यावरून लिहिले, आणि सर स्वतः संकोचाने सांगणार नाहीत म्हणून ‘डॉ.’ आपणहून जरा ठळक काढले.

किसनसिंग घरातून बाहेर आले ते हातात माझा ग्रंथ घेऊनच. मीच प्रकाशनाच्या वर्षी त्यांना दिलेली प्रत. तिला खाकी कागदाचे कव्हर घातलेले होते आणि पानापानांत खुणेसाठी एस.टी.ची जुनी तिकिटे होती. माझे पुस्तक इतक्या बारकाईने वाचलेले मी आजवर पाहिले नव्हते. माझ्या परीक्षकांनीही ते वाचले नव्हते.

येथे चौथ्या प्रकरणाविषयी सांगणे भाग आहे. त्याचे शीर्षक ‘उतरलेला माल’. भटक्या वाहतूकदारांच्या तांड्यात नायकाच्या ओट्यासमोर जो माल उतरवला जाई, तो त्या क्षणापासून एकट्या माणसाचा न राहता सर्वांचा होई आणि पुन्हा लादला जात नसे, असा त्यातला सिद्धान्त आहे. ग्रंथाचे जे काही नाव झाले, ते या आठ पानांमुळे. बाकीची दोनशे पाने गाणी, गोत्रे आणि सनावळ्या यांची आहेत, आणि ती कोणी उद्धृत करत नाही. या प्रकरणाच्या जोरावर ग्रंथ एम.ए.च्या पाठ्यपुस्तकांत जाणार होता. अभ्यास मंडळाची बैठक जुलैत होती आणि माझ्या नोकरीची तीन वर्षे उरली होती. दुसऱ्यांदा असा योग येण्यासारखा नव्हता.

मी सौम्यपणे सुरुवात केली. टप माझ्या गाडीचा आहे, तो इथे रंगवायला आणला होता, काहीतरी गैरसमज झाला असावा, असे सांगितले. बोलणे आमच्या गोरबोलीत सुरू झाले होते. पण पुस्तक मराठीत असल्यामुळे वाद मराठीतून लढवावा लागला.

“गैरसमज कायचा, सर?” किसनसिंग म्हणाले. “मले मालूम हाय टप तुमचा हाय ते. म्हनून तं पुस्तक आनलं.”

त्यांनी तिकीट लावलेले पान उघडले आणि थांब्यांची नावे पुकारावीत तशा आवाजात वाचले: “‘नायकाच्या ओट्यासमोर एकदा उतरवलेला माल पुन्हा लादला जात नसे.’ पान एकशे बारा. तुमीच लिहलं ना हे?”

मी म्हणालो की लिहिले मीच, पण माझा हेतू टप देण्याचा नव्हता. त्यांनी एक पान उलटले. पान एकशे तेरा: येथे व्यक्तीच्या हेतूचा प्रश्न गैरलागू ठरतो. मी म्हणालो की गाडीचा टप म्हणजे माल नव्हे. त्यांनी पान एकशे चौदाची तळटीप वाचली: माल या संज्ञेत ओझे, वाहन व जनावरांचा साज या सर्वांचा समावेश करावा लागतो. मी म्हणालो, हे सगळे दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. त्यांनी शांतपणे शेवटचे तिकीट शोधले. पान एकशे एकोणीस: ही परंपरा आजही तांड्याच्या अंतर्मनात जिवंत आहे. हे वाक्य मी का लिहिले होते, ते मला स्पष्ट आठवते. प्रकरण संपवायला एक वाक्य हवे होते.

तीस वर्षे हा मनुष्य विनातिकीट प्रवाशांशी वाद घालत आला होता. मी फक्त परिसंवादांत भाग घेतला होता. सामना बरोबरीचा नव्हता.

मला राग आला होता, आणि त्या रागाची दिशा मला अगदी स्वच्छ वाटत होती: एका हटवादी म्हाताऱ्याने एका शास्त्रीय विधानाचा दांडगाईसाठी उपयोग केला आहे. विद्वान मनुष्याला असा राग फार सुखाचा असतो. तो मला आणखी थोडा वेळ लाभला असता, पण समोरच्या भिंतीच्या सावलीत सुखीबाई बसली होती. ती माझी लांबची काकी. पती गेल्यापासून ती एकटी राहते आणि कोणाचे ऐकत नाही.

“आता समजलं का, इंदर?” ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. “तुह्या पुस्तकानं माहा दरवाजा नेला.”

कोणता दरवाजा, असे मी विचारले, आणि मला सगळे ऐकून घ्यावे लागले. सुखीबाईला दोन वर्षांपूर्वी घरकुल मंजूर झाले. तिच्या मारेगावकडच्या भावाने तिला जुन्या सागवानाचा एक दरवाजा पाठवला, दोन फळ्यांचा, पितळी कडीचा. ओट्यासमोर टेम्पोचे चाक बसले, म्हणून दरवाजा खाली उतरवला. चाक बदलून होईपर्यंत नाईकांनी पुस्तक आणले होते. तो दरवाजा आता समाजमंदिराला आहे, आणि सुखीबाईच्या घराला दोन पावसाळे पोते लावलेले आहे. तिच्या आधी एकाचा पाण्याचा ड्रम गेला होता, नंतर कोणाच्या तरी छपराचे दोन पत्रे. कोणी कुरकुर केली, तर नाईक सांगत की ही आपलीच जुनी पद्धत आहे, आपण विसरलो होतो, इंदरने शोधून काढली. लोक गप्प बसत. स्वतःच्या जुन्या पद्धतीविरुद्ध बोलायला माणसाजवळ काही नसते.

मी विचारले की हे मला आधी का सांगितले नाही. गेल्या दिवाळीला तर मी आलो होतो.

“आलता ना,” सुखीबाई म्हणाली. “घंटाभर आपल्या संस्कृतीवर बोलला. बोलू कुठं देल्लं?”

मी टपाशिवाय परत आलो. वर्षाने सगळे ऐकले आणि ती हसली नाही. हसली असती तर मला बरे वाटले असते. दुसऱ्या दिवसापासून ती डोक्याला ओला रुमाल बांधून उघड्या जीपमधून जाऊ लागली, लसीच्या डब्याला भिजवलेले गोणपाट गुंडाळून. तिसऱ्या दिवशी तिने मला एकच गोष्ट विचारली: ही पद्धत तुम्हाला सांगितली कोणी? मी म्हणालो, तांड्यातल्या देवीलालआज्यांनी. ते तर वारले, ती म्हणाली, पण नेमके काय म्हणाले होते? मी म्हणालो, वही पाहावी लागेल.

“मग बघा ना,” ती म्हणाली. “तुम्ही विद्यार्थ्यांना तेच तर सांगता.”

बारा वर्षांपूर्वीच्या वह्या लोखंडी कपाटात आहेत. देवीलालआज्यांची नोंद तिसऱ्या वहीत सापडली. त्यांच्या तोंडचे शब्द मी जसेच्या तसे उतरवले होते. त्या बाबतीत मी काटेकोर आहे. “त्या साली पानी लय होतं. मिठाचं पोतं ओट्यासमोर उतरवलं, ते अर्धं भिजलं. मंग कोन लादते ते. तांड्यानं वाटून घेतलं.” शेजारी समासात माझे अक्षर: ‘महत्त्वाचे. सामूहिक मालकी!’ उद्गारचिन्हासकट. मी ते इतरांच्या लेखनात सहन करत नाही.

इथवर असते, तर मी घाई केली, एवढाच दोष निघाला असता, आणि घाई हा अभ्यासकाचा सोज्वळ दोष आहे. पण पहिल्या दोन वाक्यांवर एक आडवी रेघ होती. पाण्याचे वाक्य आणि पोते भिजल्याचे वाक्य, दोन्ही खोडलेली होती, त्याच शाईने, म्हणजे त्याच दिवशी. मी विसरलो नव्हतो. मी पाऊस वगळला होता. पाऊस ठेवला तर एका भिजलेल्या पोत्याची हकिकत उरते. पाऊस वगळला की परंपरा उरते, आणि हकिकतीवर प्रबंध होत नाही. वर्षभर बैलांच्या पाठीवर माल लादून पोट भरणारी माणसे एकदा उतरवलेला माल पुन्हा लादत नसतील, तर त्यांनी व्यापार कसा केला, हा प्रश्न एखाद्या चौथीच्या मुलीनेही विचारला असता. तीन परिसंवादांत तो मला कोणी विचारला नाही, आणि मी स्वतः विचारण्याइतका निष्काळजी नव्हतो.

तरीही मी लगेच शरण गेलो असे नाही. मी नाईकांना एक पत्र लिहिले. सदर परंपरेचे स्वरूप प्रदेशपरत्वे भिन्न असू शकते, तिचे उपयोजन तारतम्याने व्हावे, आणि मोटारवाहनांचे सुटे भाग तिच्या कक्षेबाहेर मानणे इष्ट ठरेल, असा त्याचा आशय होता. तीन परिच्छेद, भाषा नितळ, ग्रंथाच्या एकाही वाक्याला धक्का नाही. वर्षाने ते दोनदा वाचले.

“टप येईल याने,” ती म्हणाली. “सुखीकाकींचा दरवाजा कुठे आहे यात?”

तो नव्हता. मी पत्र फाडले आणि प्रेमला फोन करून रविवारी नसाब बोलावण्याची विनंती नाईकांना पोचवायला सांगितले.

नसाब माझ्याच टपाखाली भरली. दुपारचे तीन वाजले होते, अंगणात पाय भाजत होते, आणि टपाखाली मात्र बसवत होते. मी वही काढून देवीलालआज्यांची चारही वाक्ये वाचून दाखवली. मिठाचे पोते भिजले म्हणून वाटून घेतले, पद्धत म्हणून नव्हे, असे समजावून सांगितले.

किसनसिंगांनी वही हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. त्यांचे म्हणणे असे की हे हाताने लिहिलेले आहे आणि ते छापलेले आहे. वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो की छापील शब्दापेक्षा बोललेल्या शब्दाचा अधिकार मोठा मानावा. एकाही विद्यार्थ्याला ते पटलेले मी पाहिले नाही. नाईकांनाच का पटावे? शिवाय भावसिंग काकांनी मध्येच सांगितले की ही गोष्ट देवीलालने त्यांनाही सांगितली होती, पण तेव्हा ते पोते गुळाचे होते आणि तांड्याने वाटून घेतले नव्हते, मुंग्यांनी खाल्ले होते. यावर दोन म्हाताऱ्यांचे मुंग्या आणि मुंगळे यांवरून जुंपले. माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा आधार अशा रीतीने दहा मिनिटे वाऱ्यावर होता.

सुखीबाई उठून ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

“मीठ राहू दे, गूळ राहू दे,” ती म्हणाली. “इंदर, तू लिहलं तवा तुले मालूम होतं का नोतं?”

हा प्रश्न कोणत्याही परीक्षकाने विचारायला हवा होता. मी बरीच वर्षे नीट घडवलेल्या वाक्यांत बोलत आलो आहे. तिथे एकही सापडले नाही.

“मालूम होतं, काकी,” मी म्हणालो. “पानी होतं, पोतं भिजलं होतं, सगळं मालूम होतं. मीच ते काढून टाकलं.”

“काहून?” हे किसनसिंगांनी विचारले. त्यांच्या आवाजात आता पुकारा नव्हता. मला वाटते, ते खरोखरच चकित झाले होते. चार वर्षे त्यांनी माझ्या शब्दाखातर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष घेतला होता. ड्रम, पत्रे, दरवाजा, यांतली एकही वस्तू त्यांनी स्वतःच्या घरात नेली नव्हती.

“त्यानं प्रकरण होत नोतं,” मी म्हणालो.

किसनसिंगांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवले, खिशातले पेन काढून त्यावर ठेवले, आणि एकशे बारापासून एकशे एकोणीसपर्यंत प्रत्येक पान खोडून खाली सही करायला सांगितले. मी आठ पाने खोडली आणि आठ सह्या केल्या. चूक केलेल्या कंडक्टरकडून असेच करून घेत असावेत. मला वाटले, संपले. पण त्यांना आणखी एक शंका होती. ही प्रत इथली झाली. विद्यापीठातल्या पुस्तकाचे काय? तिथून उद्या पोरे शिकून निघणार आणि आपापल्या तांड्यात जाऊन हेच सांगणार.

“तिकडच्या बाया दरवाजे कुठं मांगतीन?” ते म्हणाले.

मी गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. माझ्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणातील प्रतिपादन मूळ नोंदीतील दोन वाक्ये जाणीवपूर्वक वगळून केलेले आहे; ते मी मागे घेत आहे; ग्रंथाचा पाठ्यपुस्तक म्हणून विचार होऊ नये. या पत्राची भाषा नितळ नव्हती. प्रेमने ते घडी करून खिशात घातले. सोमवारी दिग्रसला रजिस्टर करतो म्हणाला. ते त्याच्या खिशात जाताना मी पाहत होतो. हात पुढे करून ते परत मागता आले असते, आणि तेवढा वेळ मला मिळालाही. जुलै त्या खिशात होता. मी हात पुढे केला नाही.

किसनसिंगांनी दोघांना समाजमंदिराकडे पिटाळले. पेचकस फिरण्याचा आणि जुन्या बिजागऱ्या करकरण्याचा आवाज इथपर्यंत ऐकू आला. थोड्या वेळाने सागवानाच्या दोन फळ्या दोघांच्या खांद्यांवरून सुखीबाईच्या घराकडे गेल्या. ती त्यांच्या मागून चालत होती आणि कडी एका बाजूला लोंबते म्हणून दोघांना शिव्या देत होती. तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते.

किसनसिंग घरात गेले आणि बोल्ट काढायचा पाना घेऊन आले. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

तेव्हा भावसिंग काका, बसल्या जागेवरून न हलता, म्हणाले, “टप राहू दे ना आता, इंदर. आता तं खुशीनं देऊन टाक. दुपारी इथं ऊन कसं पडते, तुले मालूम नाई.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हो म्हणणे फार सोपे होते. दोन तासांत जे काही गेले होते, त्यातले पुष्कळसे एका शब्दाने परत आले असते. कदाचित टाळ्याही पडल्या असत्या. भावसिंग काकांची मागणी गैर नव्हती, आणि ऊन खरोखरच क्रूर होते. पण आठ बोल्टांवर माझे एकशे बारावे पान अजून उभे होते. मी हो म्हणालो असतो, तर पुढच्या वर्षी कोणीतरी कोणालातरी सांगितले असते की ओट्यापुढे ठेवलेले ओट्यालाच राहते, सरांचा टपसुद्धा राहिला. तेही खरेच ठरले असते. फक्त त्यातले पेन आणि पाना तेवढे वगळावे लागले असते.

“नाई, काका,” मी म्हणालो. “मी घेऊन जातो.”

भावसिंग काकांनी यावर विचार केला. “मंग आता अशी पद्धत झाली का? मांगतलं का वापस द्या लागन?”

“पद्धत नाई. आज झालं, एवढंच.”

“हे लिहून द्या,” किसनसिंग म्हणाले.

मी त्यांचे पेन त्यांच्या खिशात ठेवले आणि पाना हातात घेतला. सहा बोल्ट सहज निघाले. उरलेले दोन बादलचा तिसरा हात पुरता वाळण्याआधीच आवळले होते, ते रंगाने धरले होते. तेव्हा किसनसिंग स्वतः चप्पल काढून ओट्यावर चढले आणि खालून नट धरून राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. शेवटचा बोल्ट सुटल्यावर प्रेम आणि इतर तिघांनी टप उचलला, आणि ऊन सतरंजीवर एका बाजूने सरकत आले. म्हातारे एकेक करून उठले आणि भिंतीच्या बोटभर सावलीत जाऊन उभे राहिले. भावसिंग काका शेवटी उठले. सतरंजीची घडी घालता घालता ते प्रेमला म्हणाले, “पांढरा बरा होता. खाली गार लागे.”